मोहाच्या झाडाखाली चॉकलेट

मोहाचं फूल रात्री उमलतं आणि पहाटे गळतं. फाल्गुन सरत आला की भंडारा जिल्ह्यात कोका अभयारण्याच्या आसपास, साकोली-लाखनीकडच्या गावांत, शेताच्या बांधावर आणि जंगलाच्या कडेला उभ्या असलेल्या मोहाखाली माणसं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन पोचतात. झाडावर तेव्हा पान जवळजवळ नसतंच. खाली मात्र पिवळसर पांढऱ्या, रसाळ फुलांचा सडा पडलेला असतो. उशीर झाला तर चितळं आणि गुरं तो फस्त करतात. फार लवकर गेलं तर गाठ अस्वलाशी पडू शकते, कारण त्यालाही हे फूल जिवापाड आवडतं. उन्हाळ्याच्या तोंडी या भागात अस्वलांचे हल्ले होतात, त्यातले कितीतरी मोहफुलं वेचताना झालेले असतात.

अशा फुलाचा चॉकलेटशी काय संबंध? चॉकलेटबरोबर कोणती वाइन जमते, हा जगभरातल्या खवय्यांचा जुना प्रश्न आहे. त्याची चांगली उत्तरं पोर्तुगालमध्ये, स्पेनमध्ये, दक्षिण फ्रान्समध्ये सापडली आहेत. पण ती उत्तरं बरोबर का, याचा मागोवा घेत गेलं की आपण फिरून भंडाऱ्याच्या मोहापाशी येतो. या जोडीला दोन गोष्टी लागतात: आंबून पेय होईल अशी भरपूर साखर, आणि जिभेच्या उबेने वितळेल असा स्निग्ध पदार्थ. मोहाच्या एकाच कळीतून या दोन्ही निघतात. मला हे कळलं तेव्हापासून त्या झाडाकडे मी निराळ्याच नजरेने बघतो.

आधी अडचण कुठे आहे ते पाहू. बुंदीचा लाडू खाऊन लगेच चहा प्यायला की चहा अगोड लागतो. चहातली साखर कमी झालेली नसते; जीभ गोडाला सरावलेली असते. चॉकलेट आणि वाइनचं हेच होतं. चॉकलेटमधल्या साखरेने जीभ भरली की कोरड्या, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेल्या, वाइनमधला फळाचा गोडवा हरवतो आणि मागे उरतो तो तिचा आंबटपणा. त्यात भर तुरटपणाची. लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बीमधून टॅनिन उतरलेलं असतं. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं पडतं. कच्चं टेंभूर ज्याने चावून पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. काळ्या चॉकलेटमध्येही त्याच कुळातली तुरट, कडू द्रव्यं असतात. तुरटावर तुरट, कडूवर कडू चढलं की दोघांचीही चव बिघडते. व्हॅलेंटाइनच्या दिवशी महागडी कोरडी रेड वाइन आणि डार्क चॉकलेट एकत्र देण्याची जी पद्धत पडली आहे, ती दिसायला देखणी असली तरी चवीच्या बाबतीत फसवी आहे.

म्हणून जाणकारांनी एक साधा नियम धरला: वाइन निदान गोड पदार्थाइतकी तरी गोड हवी. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली पोर्ट या नियमात चपखल बसते. द्राक्षाचा रस आंबत असताना, यीस्टने सगळी साखर खाऊन टाकण्याआधीच त्यात द्राक्षाचीच कडक दारू ओततात. यीस्ट मरतं, उरलेली साखर तशीच राहते, आणि सुमारे 20 टक्के मद्यार्क असलेली गोड, दाट वाइन तयार होते. दक्षिण फ्रान्समधल्या बान्युल्स आणि मोरी याच पद्धतीच्या, आणि चॉकलेटबरोबर त्या आवर्जून दिल्या जातात. आपल्या ओळखीची गोष्ट म्हणजे गोव्याची पोर्ट वाइन. खरी पोर्ट ती नव्हे, स्वस्त म्हणून तिला नाकं मुरडली जातात, पण चॉकलेट केकच्या तुकड्याबरोबर ती कित्येक महाग कोरड्या वाइनपेक्षा बरी लागते. गोडाला गोडाची साथ मिळते, एवढंच त्याचं कारण. नाशिकला द्राक्ष वेलीवरच जास्त पिकू देऊन ‘लेट हार्वेस्ट’ गोड वाइन करतात. तिला पांढरं चॉकलेट किंवा फळं घातलेलं मिल्क चॉकलेट मानवतं. पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोकोची भुकटी नसतेच, नुसतं कोको बटर, दूध आणि साखर. तेव्हा तुरटपणाचा प्रश्नच येत नाही.

पण चॉकलेटची खरी जोडीदारीण म्हणून मी बोट दाखवेन ते स्पेनच्या पेद्रो हिमेनेस या वाइनकडे. अंदालुसियात या जातीची द्राक्षं तोडल्यावर लगेच पिळत नाहीत. चटयांवर पसरून दिवसेंदिवस उन्हात वाळवतात. पाणी उडतं, साखर दाटते, रंग गडद होतो. मग त्या मनुकांसारख्या द्राक्षांतून जो काळाभोर रस निघतो, त्याच्या वाइनमध्ये लिटरला 300 ग्रॅमहून अधिक साखर असणं नेहमीचं. चवीला मनुका, अंजीर, खारीक, थोडी कॉफी, थोडी काकवी. काळं चॉकलेट तोंडात विरघळत असताना तिचा एक घोट घेतला की चॉकलेटचा कडूपणा आणि तिची गोडी एकमेकांना सावरून धरतात.

आता पुन्हा भंडाऱ्याकडे वळू. वेचून आणलेली मोहफुलं अंगणात, सारवलेल्या जमिनीवर पसरतात आणि तीन-चार दिवस उन्हात वाळवतात. अंदालुसियात चटईवर जे चालतं तेच इथे अंगणात चालतं, आणि तेही फार पूर्वीपासून.

एक ताजं फूल हातात घेऊन बघा. आकाराने टपोऱ्या द्राक्षाएवढं, मांसल, पोकळ. बोटांत दाबलं तर चिकट रस येतो, आणि तोंडातून आत डोकावलं तर आतल्या बाजूला चिकटलेले बारीक पुंकेसर दिसतात. बुडाशी मात्र आरपार भोक असतं. हे भोक म्हणजे या झाडाची सगळ्यात मोठी किमया. गळून पडतो तो फुलाचा फक्त पाकळ्यांचा पेला, पुंकेसरांसकट. स्त्रीकेसर आणि बीजकोश फांदीवरच राहतात आणि त्यांचं पुढे फळ होतं. म्हणजे खाली पडलेलं एकूण एक फूल वेचलं तरी फळाचं काही नुकसान नाही. रात्री फळं खाणारी वटवाघळं या पेल्यांवर ताव मारतात आणि जाता जाता परागीभवनाचं काम करून जातात. त्यांचं काम संपलं की झाड उरलेला गोडवा जमिनीवर टाकून देतं.

वाळल्यावर तेच फूल तांबूस तपकिरी होतं, आक्रसतं आणि मनुकेसारखं दिसायला लागतं. वजनात निम्म्याहून जास्त निव्वळ साखर. चावलं तर आधी मनुकेची गोडी, मग अंजिरासारखं काहीतरी, शेवटी किंचित कडसर, धुरकट चव. तपकिरी रंग येतो तो मुख्यतः साखर आणि अमिनो आम्लं यांच्या मिलाफातून. कोकोच्या बिया भाजताना चॉकलेटचा रंग आणि वास घडवण्यातही याच रासायनिक क्रियेचा मोठा वाटा असतो. भट्टीत ती काही मिनिटांत होते, अंगणातल्या उन्हात काही दिवस लागतात. त्यामुळे वाळलेलं मोहफूल आणि काळं चॉकलेट एकत्र चावलं की दोन परक्या चवी भेटल्यासारखं वाटत नाही.

वासाचं तर आणखीच नवल आहे. रतनलाल ब्रह्मचारी हे कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधले शास्त्रज्ञ. वाघ झाडांवर आणि झुडपांवर जो फवारा मारून आपली हद्द आखतो, त्याला सुवासिक तांदळाचा वास येतो, हे ध्यानात घेऊन त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या फवाऱ्यात 2-असिटिल-1-पायरोलिन नावाचं द्रव्य शोधून काढलं. बासमतीचा वास याच द्रव्याचा. पुढे 1996 मध्ये त्यांनी आणि एका सहकाऱ्याने मोहफुलाच्या वासातही तेच द्रव्य असल्याचं प्रसिद्ध केलं. ताज्या पावाच्या खरपूस कडेला आणि पॉपकॉर्नला येणारा वासही त्याचाच. हे कळल्यावर भंडारा जिल्ह्याचा नकाशा माझ्या डोळ्यांपुढे वेगळाच उभा राहिला. हा सुवासिक चिन्नोर तांदळाचा मुलूख, मोहाच्या झाडांचा मुलूख, आणि नवेगाव-नागझिऱ्याच्या वाघांचा मुलूख. शिजणाऱ्या भाताची वाफ, पहाटेचा मोहाचा सडा आणि वाघाची हद्द, या तिघांच्या वासात एकच रेणू आहे. ज्याला चॉकलेटच्या भाजलेल्या, खमंग वासाशी जुळणारं पेय हवंय, त्याने मोहाकडे वळावं ते यासाठी.

चॉकलेट मुळात आंबवलेल्या पदार्थांतलं आहे, हे आपल्यापैकी अनेकांच्या गावी नसतं. कोकोची बी फळातून काढून नुसती भाजली तर चॉकलेटचा वास येतच नाही. बीभोवती पांढरा, आंबटगोड गर असतो. त्या गरासकट बियांचा ढीग केळीच्या पानांखाली झाकून 5 ते 7 दिवस ठेवतात. आधी यीस्ट येऊन गरातल्या साखरेचं मद्य करतं. मग जिवाणू त्या मद्याचं व्हिनेगर करतात. ढीग तापून 50 अंशांच्या जवळ जातो, बीमधला अंकुर मरतो, आणि त्या उष्णतेत व आंबटपणात बीच्या पोटात ती द्रव्यं तयार होतात ज्यांचं भाजल्यावर चॉकलेट होतं. प्रत्येक चॉकलेटच्या वडीमागे असं काही दिवसांचं मद्य होऊन गेलेलं असतं. होंडुरासमध्ये प्वेर्तो एस्कोंदिदो इथे इसवी सनपूर्व 1100 च्या सुमाराच्या मडक्यांवर कोकोचे अंश सापडले. ते तपासणाऱ्या संशोधकांनी 2007 मध्ये मांडलं की तिथली माणसं आधी बहुधा या गराचं मद्य करत असावीत, आणि बियांचा उपयोग त्यातूनच पुढे सुचला असावा. तसं असेल तर वाइन आणि चॉकलेट ही जोडी आपण आज जमवत नाही आहोत. एका मडक्यात जन्मलेल्या दोघांची पुन्हा भेट घडवतो आहोत.

भंडाऱ्याकडे मोहफुलं पाण्यात भिजवून काही दिवस आंबवली की जे तयार होतं त्याला सडवा म्हणतात. पोलिसांच्या छाप्याच्या बातम्यांत हा शब्द नेहमी येतो: अमुक किलो सडवा नष्ट केला. हा सडवा पुढे हातभट्टीवर चढतो आणि त्याची दारू निघते. चवीच्या हिशेबात इथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. भट्टीत वाफ होऊन वर जातं ते मद्य आणि वास. साखरेची वाफ होत नाही, ती खालीच राहते. म्हणून इतक्या गोड फुलाची दारू अजिबात गोड नसते. चॉकलेटला हवी असलेली गोडी भट्टीच्या तळाशीच राहते. चॉकलेटशी जुळायला हवी ती मोहाची वाइन, न गाळलेली, साखर थोडी राखलेली. प्रयोगशाळांत मोहफुलांची वाइन करून पाहिली गेली आहे, आणि मला त्या वाटेत फार मोठी शक्यता दिसते.

हे लिहिताना मला विदर्भाचा दारूशी चाललेला झगडा विसरता येत नाही. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, आणि गडचिरोलीत ती मिळवण्यात बायकांच्या लढ्याचा मोठा वाटा आहे. हातभट्टीची दारू बेकायदा आहे, आणि बेहिशेबी गाळलेली दारू जिवावर बेतू शकते. चॉकलेटबरोबरचा घोट हा दोन चमच्यांचा मामला आहे; त्याने घर मोडू नये. पण म्हणून फुलाला गुन्हेगार ठरवणंही मला पटत नाही. ते काम इंग्रजांनी करून पाहिलंय. 1892 च्या मोहवा कायद्याने मुंबई इलाख्यात, ठाणे-कुलाब्याकडे, मोहफुलं वेचून साठवण्यावरच बंदी आली. अबकारीचा महसूल राखायचा म्हणून गरिबाच्या तोंडचं अन्न काढून घेतलं गेलं, कारण दुष्काळात मोहफूल हेच कित्येक घरांचं जेवण होतं. स्वातंत्र्यानंतरही या फुलाभोवती परवान्यांचं कुंपण राहिलं. महाराष्ट्र सरकारने मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि त्यांची वाहतूक यांवरचे निर्बंध 2021 मध्ये उठवले. डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीने मोहाचं मद्य रीतसर बाटलीत भरून बाजारात आणलं. हे गाळलेलं मद्य असल्याने गोड नाही, पण त्याच्या वासासाठी चॉकलेट मूसमध्ये चमचाभर घालायला ते योग्य.

आता झाडावर राहिलेल्या त्या बीजकोशाकडे येऊ. फूल गळून गेल्यावर हिरवी फळं धरतात, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांतून तपकिरी, चकचकीत बिया मिळतात. मोह हा चिकूच्याच कुळातला. बी पाहिली की नातं लगेच पटतं. या बियांतून तेल काढतात. भंडाऱ्याच्या मे महिन्यात ते तेल असतं, आणि थंडीच्या दिवसांत तुपासारखं थिजतं. कोको बटर मुख्यतः तीन मेदाम्लांचं बनलेलं असतं: पामिटिक, स्टिअरिक आणि ओलिक. मोहाच्या तेलातही हीच तिन्ही प्रमुख आहेत. फक्त त्यात लिनोलिक आम्ल बरंच जास्त आहे, म्हणून ते कोको बटरपेक्षा मऊ राहतं आणि लवकर वितळतं. कोको बटर 34 अंशांच्या आसपास, म्हणजे तोंडाच्या उबेहून जरासं खाली वितळतं, आणि चॉकलेटची सगळी जादू त्या दोन-तीन अंशांत आहे.

युरोपीय संघाच्या 2000 सालच्या निर्देशानुसार चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय 5 टक्क्यांपर्यंत फक्त सहा वनस्पतींचे मेद चालतात. त्यात साल वृक्ष, आंब्याची कोय आणि आपलं कोकम आहे. आफ्रिकेचं शियाही आहे, आणि शिया हे झाड मोहाच्याच कुळातलं. मोह मात्र त्या यादीत नाही. त्याच्या तेलातला मऊ भाग वेगळा काढून घट्ट भाग कोको बटरच्या जोडीला वापरण्यावर आपल्याकडे संशोधन झालं आहे. ते कारखान्यापर्यंत पोचावं असं मला मनापासून वाटतं, कारण बिया वेचणारे हात तेच आहेत जे चैत्रात फुलं वेचतात.

तोपर्यंत घरी करून पाहण्यासारखं पुष्कळ आहे. वाइन पीत असाल तर पहिली काळजी तापमानाची. पुस्तकांत रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्या असं लिहिलेलं असतं. ती खोली फ्रान्समधली, 16 ते 18 अंशांची. भंडाऱ्याची खोली एप्रिलमध्ये 40 च्या घरात असते. तेवढ्या गरम वाइनमधलं मद्य नाकात झोंबतं आणि फळाचा वास दबतो. गोड वाइन फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटांनी ग्लासात ओता. चॉकलेटचं उलट: ते फ्रीजमधून थेट खाल्लं तर वितळत नाही आणि वासही सोडत नाही. म्हणून खोलीतल्या सावलीत थोडा वेळ ठेवा, पण नजरेआड करू नका, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते आपोआप सॉस होतं.

आधी चॉकलेटचा लहान तुकडा जिभेवर ठेवा, चावू नका. तो निम्मा वितळला की वाइनचा घोट घ्या. कोको बटरचा थर जिभेवर असताना मद्य तो धुऊन काढतं आणि अडकलेले वास सुटे होतात. चव खुलते ती याच क्षणी. पदार्थात कॅरॅमल, काजू, बदाम असतील तर पोर्ट किंवा पेद्रो हिमेनेससारखी गडद वाइन. संत्र्याची साल घातलेला चॉकलेट केक असेल, आणि नागपूर शेजारीच असताना तो असायलाच हवा, तर मस्कत ही गोड वाइन. 80 टक्क्यांच्या वर कोको असलेलं कडू चॉकलेट असेल तर त्याला वाइनपेक्षा थोडी जास्त गोड साथ लागते.

ती साथ मद्याशिवायही मिळते, आणि माझी सगळ्यात आवडती जोडी हीच आहे. मूठभर वाळलेली मोहफुलं निवडून, आतले केसर झटकून, दोनदा धुऊन घ्यायची. बुडतील एवढ्या पाण्यात मंद आचेवर मऊ होईपर्यंत शिजवायची, गाळायची आणि तो रस पुन्हा आटवायचा. साखर घालायची गरज पडत नाही. चमच्यातून पडताना तार धरू लागला की उतरवायचा. रंग काकवीसारखा, वास मनुका आणि भाजलेल्या तांदळाच्या मधला. हा पाक कोमट असताना 70 टक्क्यांच्या काळ्या चॉकलेटवर अर्धा चमचा सोडा, वर मिठाचा एखादा कण आणि भाजलेले तीळ टाका, आणि लहान मुलांपासून आजीपर्यंत सगळ्यांना द्या. पाक उरला तर तो काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्येच ठेवा. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात बाहेर राहिला तर दोन-तीन दिवसांत त्याला बुडबुडे यायला लागतात.